कल्हईचा पत्रा आणि मांजरपाट

19 जून 1891. मेक्सिकोच्या ग्वानाह्वातो प्रांतातले पुरीसिमा देल रिंकोन हे गाव. एर्मेनेहिल्दो बुस्तोस नावाच्या 59 वर्षांच्या माणसाने त्या दिवशी स्वतःचे चित्र काढले. गळ्यापर्यंत बंद कोट, वर आलेली गालफडे, समोरच्यावर रोखलेली नजर. चित्राच्या मागे त्याने लिहून ठेवले की आपण याच गावचे इंडियन, म्हणजे मूळ रहिवासी. जन्म 13 एप्रिल 1832 चा. आणि हे चित्र काढले ते जमते का पाहावे म्हणून. बुस्तोस कुठल्या कलाशाळेत शिकलेला नव्हता. तो बर्फाचे गोड पदार्थ विकायचा, सुतारकाम करायचा, हाताला येईल ते काम घ्यायचा आणि गावातल्या माणसांचे चेहरे रंगवायचा. आज मेक्सिकोच्या कलेच्या इतिहासात त्याचे नाव फार आदराने घेतले जाते. मी मात्र त्या चेहऱ्याइतकाच रेंगाळतो तो चेहऱ्याच्या मागच्या वस्तूपाशी. बुस्तोसने हे चित्र कापडावर काढलेले नाही, लाकडावरही नाही. ते पत्र्यावर आहे.

डब्याचा असतो तसला पत्रा. लोखंडाच्या पातळ पत्र्यावर कथलाचा मुलामा. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकू नये म्हणून आपल्याकडे आतून कल्हई लावायचे, तेच हे कथील आणि कामही तेच, खालच्या धातूला जपण्याचे. आपला कल्हईवाला दारात भट्टी पेटवून एकेका भांड्याला हात लावायचा. हा पत्रा वेल्समधल्या कारखान्यांतून पेट्या भरभरून जहाजांवर चढायचा. स्पॅनिशमध्ये त्याला ‘ओहालाता’ म्हणतात आणि तो घडवणाऱ्याला ‘ओहालातेरो’. मेक्सिकोच्या बाजारांत आज दिसणारे पत्र्याचे तारे, आरशांच्या नक्षीदार चौकटी, ज्वाळा फुटलेली लाल हृदये, छोटे देव्हारे, मेणबत्त्यांची झाडे हे सगळे त्याचेच वंशज.

गंमत अशी की हा पत्रा ज्या मुलखात रुजला तो चांदीचा मुलूख. ग्वानाह्वातो आणि साकातेकासच्या डोंगरांतून स्पेनच्या राजवटीत निघालेल्या चांदीने युरोपचा व्यापार चालवला. त्यातली कितीतरी फिरत फिरत सुरतेच्या बंदरात उतरली आणि तिथल्या टांकसाळीत तिचे रुपये पडले. ज्यांच्या पायाखालून ती निघाली, त्या खाणमजुरांच्या घरात मात्र देवापुढे ठेवायला चांदीची चौकट नव्हती. 1821 मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला, बंदरे इंग्रजी मालाला मोकळी झाली, बंद पडलेल्या खाणींत इंग्रजी भांडवल आले. 1824 मध्ये इदाल्गो भागातल्या रेआल देल मोन्तेच्या खाणी चालवायला लंडनमध्ये कंपनी उभी राहिली आणि कॉर्नवॉलचे खाणकामगार, कथलाच्या खाणींत पिढ्यान्‌पिढ्या राबलेली माणसे, समुद्र ओलांडून तिथे आली. त्यांनी बरोबर आणलेली मांस-बटाटा भरलेली करंजी त्या भागात ‘पास्ते’ या नावाने अजून खाल्ली जाते. याच व्यापाराच्या वाटेने पत्राही आला. चकचकीत, हलका, स्वस्त, कातरीने कापता येणारा. त्याला गरिबाची चांदी म्हणू लागले. मला हे नाव हिणवणारे वाटत नाही. ज्याला हे नाव सुचले त्याने पत्र्यावर पडलेला दिव्याचा उजेड नीट पाहिला असणार.

कारखान्यातून येणाऱ्या पत्र्याचे नेहमीचे माप 10 इंच गुणिले 14 इंच. एकोणिसाव्या शतकात मध्य मेक्सिकोच्या घराघरांतून लागलेली संतांची चित्रे मोजून पाहिली तर बहुतेक याच मापाची निघतात, किंवा अर्ध्याची, किंवा पावाची. पत्रा वाया घालवायचा नाही, एवढा साधा हिशोब. अशा चित्राला ‘रेताब्लो’ म्हणत. त्यातला दुसरा प्रकार आपल्याला लगेच कळेल असा आहे, कारण तो नवस फेडण्याचा आहे. आपल्याकडे डोळे बरे झाले तर देवीला चांदीचे डोळे वाहतात, मूल झाले तर पाळणा टांगतात. तिथे माणूस गावच्या चित्रकाराकडे जाऊन आपल्यावर काय गुदरले ते सांगायचा. खाणीत दरड कोसळली, बैलाने भोसकले, बायको बाळंतपणात अडली, तापात मूल हातचे जात होते. चित्रकार पत्र्यावर तो प्रसंग काढायचा: एका बाजूला संकट, वर ढगांत मदतीला आलेली मेरी माउली किंवा संत, आणि खाली चार-सहा ओळींत हकिगत, गाव, तारीख आणि आभार. मजकुरात शुद्धलेखनाच्या चुका असत, जसे बोलत तसेच लिहिलेले असे. हालिस्कोतले सान हुआन दे लोस लागोस, साकातेकासमधले प्लातेरोस अशा देवस्थानांच्या भिंती या पत्र्यांनी भरून गेल्या.

या पत्र्यांवर नवस करणाऱ्याचे नाव असते, चित्रकाराचे सहसा नसते. बुस्तोसचे नाव राहिले ते त्याने आपल्या हाताने मागे लिहिले म्हणून. बाकीच्या शेकडो हातांचा पत्ता नाही. आणि तरीही मेक्सिकोच्या साध्या माणसांनी एकोणिसाव्या शतकात काय भोगले, कशाला भिऊन रात्री जागवल्या, याचा इतका खरा दस्तऐवज दुसरा क्वचितच सापडेल. सरकारी दप्तरात बाळंतपणात अडलेल्या बाईची नोंद कोण ठेवतो?

चित्राला चौकट लागते, आणि इथे पत्र्याच्या कारागिराचे खरे काम सुरू होते. त्याची हत्यारे थोडी आहेत. कातर, हातोडी, वेगवेगळ्या तोंडाच्या छिन्न्या आणि टोचे, डाग द्यायची सळई. आधी कागदाचा नमुना ठेवून पत्र्यावर रेघ ओढायची आणि कातरीने कापायचे. मग तुकडा पालथा करून मऊ लाकडावर किंवा शिशाच्या लादीवर ठेवायचा आणि मागच्या बाजूने टोच्याने ठोके द्यायचे, म्हणजे पुढे मोत्यांच्या ओळीसारखे ठिपके उठतात. ठोका जोराचा बसला तर पत्रा फाटतो. हलका बसला तर ठिपका उठत नाही. अर्धचंद्राच्या तोंडाची छिन्नी ओळीने चालवली की माशाच्या खवल्यांसारखी नक्षी होते, दुसऱ्या छिन्नीने पानाच्या शिरा. कडा दुमडतात, हाताला लागू नयेत म्हणून आणि चौकटीला ताठपणा यावा म्हणूनही. शेवटी कथील-शिशाचा डाग देऊन तुकडे जोडतात. रंग द्यायचा तर तो पारदर्शक, रोगणात मिसळलेला, म्हणजे लाल रंगाच्या खालून पत्र्याची चमक दिसत राहते. नुसता लाल रंग फासला असता तर त्या हृदयाला जी धग दिसते ती दिसली नसती.

या कामाची एक शाखा उत्तरेला वेगळ्याच कारणाने वाढली. 1846 मध्ये अमेरिकेचे सैन्य सान्ता फे शहरात शिरले आणि 1848 च्या तहाने न्यू मेक्सिकोचा प्रदेश मेक्सिकोच्या हातून गेला. सैन्याबरोबर आणि व्यापाऱ्यांच्या गाड्यांतून डबाबंद खाणे आले; चरबीचे डबे, पुढे रॉकेलचे. तिथल्या स्पॅनिश बोलणाऱ्या कारागिरांनी रिकामे डबे उलगडून सपाट केले आणि त्यांतून चौकटी, देव्हारे, मेणबत्त्यांचे धारक घडवले. 1851 मध्ये तिथे आलेल्या बिशप लामीच्या काळात संतांची छापील चित्रे मोठ्या प्रमाणात वाटली गेली, आणि त्या कागदांना चौकटी हव्याच होत्या. त्या काळच्या काही चौकटी मागून पाहिल्या तर डब्यावरची ठशातली अक्षरे अजून वाचता येतात. आपल्याकडे रॉकेलच्या डब्याला कडी लावून पाणी भरायला घेणारे, त्याची चूल करणारे, पत्रा उलगडून छपराला लावणारे हात ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. फक्त तिथे त्या डब्याचा देव्हारा झाला.

छापील चित्रांनी पुढे खुद्द मेक्सिकोतल्या रेताब्लो रंगवणाऱ्यांचा धंदा बसवला. रंगीत छापाचा संत हाताने रंगवलेल्या संतापेक्षा स्वस्त पडू लागला. नवसाची चित्रे तेवढी टिकली, कारण तुमचा बैल आणि तुमची दरड छापखान्यात मिळत नाही.

पत्र्याच्या जोडीला मला मेजावरच्या कापडाचीही कथा सांगायची आहे, आणि ती याच सुमारास दुसऱ्या एका यंत्राच्या आधाराने सुरू होते. 1884 मध्ये मेक्सिको शहरापासून अमेरिकेच्या सीमेपर्यंत रेल्वे पुरी झाली. ती आग्वासकालियेन्तेस शहरावरून जाते. त्या शहरात आणि काल्व्हियोसारख्या आसपासच्या गावांत बायका ‘देसिलादो’ करत. शब्दाचा अर्थच धागे काढणे. तयार कापडातून मोजून काही उभे, काही आडवे धागे उपसून काढायचे, कापड चौकटीवर ताणायचे, आणि उरलेल्या धाग्यांना सुईने गुंडाळून, गाठवून जाळी विणायची. ही विद्या स्पेनहून आली, मठांतून आणि सुखवस्तू घरांतून झिरपत खाली उतरली. भरतकामात चूक झाली तर उसवता येते; इथे एक धागा चुकून कापला गेला की तो गेला. रेल्वे आली आणि फलाटावर उतारूंना रुमाल, टेबलक्लॉथ विकता येऊ लागले. विसाव्या शतकाच्या तोंडाशी अमेरिकेतल्या घरांत मेक्सिकन जाळीकामाची मोठी हौस निर्माण झाली होती. ते विणणाऱ्या बाईच्या घरी मात्र असे कापड अंथरायला टेबल असेलच असे नव्हते.

मेक्सिकन घराचे स्वतःचे, रोजच्या वापराचे कापड वेगळेच आहे. ते म्हणजे ‘सेर्व्हियेता’, गरम तोर्तिया गुंडाळून टोपलीत ठेवायचे चौकोनी फडके. आपल्या भाकरीच्या फडक्याची सख्खी बहीण. त्याच्या कोपऱ्यावर एखादे फूल, एखादा पक्षी भरलेला असतो. हे फडके कुणाला विकायचे म्हणून भरलेले नसते, म्हणून त्यातले टाके कधी घाईचे, कधी मजेचे असतात. नात्यातल्या माणसासाठी केलेले काम आणि गिऱ्हाइकासाठी केलेले काम यांतला फरक कळायला ही दोन कापडे शेजारी ठेवावीत.

1910 मध्ये क्रांती पेटली. दहा वर्षांच्या रक्तपातानंतर जे सरकार आले त्याला देश नव्याने बांधायचा होता. स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त सप्टेंबर 1921 मध्ये मेक्सिको शहरात लोककलेचे प्रदर्शन भरले. रोबेर्तो मोन्तेनेग्रो आणि होर्हे एन्सिसो या चित्रकारांनी ते मांडले आणि डॉक्टर आत्ल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रकाराने त्याला जोडून मेक्सिकोच्या लोककलांवर ग्रंथ लिहिला. ज्या वस्तू तोवर बाजारातल्या जमिनीवर मांडलेल्या असत, त्या राष्ट्राचा ठेवा म्हणून मांडल्या गेल्या. 1930 मध्ये रेने दार्नोनकूर या ऑस्ट्रियात जन्मलेल्या माणसाने जमवलेले मेक्सिकन कलांचे प्रदर्शन न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात गेले. विल्यम स्प्रॅटलिंग हा अमेरिकन 1929 मध्ये तास्को गावी येऊन राहिला आणि दोन वर्षांत त्याने कार्यशाळा थाटली. तिची कीर्ती चांदीच्या दागिन्यांमुळे झाली, पण पत्र्याचे आणि विणकामाचे कामही तिथे होत असे. 1936 मध्ये टेक्सासच्या सीमेपासून राजधानीपर्यंतचा मोटाररस्ता खुला झाला, आणि मग अमेरिकन पर्यटकांच्या गाड्या भरभरून आरसे, तारे, टेबलक्लॉथ परतीच्या वाटेला लागले.

या काळाबद्दल माझ्या मनात दोन उलट भावना आहेत. शहरी आणि परक्या गिऱ्हाइकांच्या त्या आस्थेमुळे अनेक हस्तकला तगल्या, हे निखालस खरे. पण त्याच आस्थेने पत्र्याचा देव्हारा दिवाणखान्याची शोभा झाला. गिऱ्हाईक बदलले की वस्तू बदलते. नवसाची हकिगत गेली, चौकट राहिली. संत गेला, आरसा आला.

पत्र्याचा मूळ अर्थ ज्यांनी जाणला त्यांत चित्रकार फ्रिदा काहलो आघाडीवर. तिने आणि तिचा चित्रकार नवरा दिएगो रिवेरा याने नवसाचे पत्रे शेकड्यांनी जमवले. 17 सप्टेंबर 1925 ला बस आणि ट्रामच्या टकरीत ती मोडून पडली होती. मरता मरता वाचणे म्हणजे काय, हे तिला शिकवायला नको होते. 1932 मध्ये डेट्रॉइटच्या इस्पितळात तिचा गर्भपात झाला, आणि त्याचे चित्र तिने धातूच्या छोट्या पत्र्यावर काढले. घाट हुबेहूब नवसाच्या चित्राचा: पलंग, रक्त, एकटी बाई. वर ढगांत मात्र मदतीला आलेले कुणी नाही.

आता मी ज्या कापडासाठी हे सगळे लिहायला घेतले त्याकडे येतो. इदाल्गो राज्याच्या पूर्वेला, जिथे डोंगर धुक्यात असतात, तिथे तेनांगो दे दोरिया हा भाग आणि त्यात सान निकोलास हे ओटोमी लोकांचे गाव. 1960 च्या दशकात तिथे दुष्काळ पडला. मका गेला. पोटाला काय घालायचे, हा प्रश्न घरोघर उभा राहिला. ओटोमी बायका आपल्या झंपरांवर बारीक भरतकाम करत असत. धागे मोजून, चुण्या घालून करायचे अतिशय वेळखाऊ काम. एवढा वेळ घालून केलेल्या कामाचे दाम बाजारात मिळणे कठीण. मग त्यांनी झंपरावरचे प्राणी मोठे केले, मोकळे केले, आणि स्वस्त जाड्याभरड्या सुती कापडावर उतरवले. तिथे त्या कापडाला ‘मान्ता’ म्हणतात. आपण मांजरपाट म्हणू. त्यावर हरणे, कोंबडे, ससे, आर्माडिलो, दोन तोंडांचे पक्षी, पोटात फुले घेऊन चाललेली जनावरे. जमीन नाही, आभाळ नाही, सगळे एकमेकांच्या मधल्या जागेत सामावलेले. टेबलक्लॉथ, पलंगपोस, हातरुमाल अशी मापे ठरली, कारण विकत घेणाऱ्याला हीच हवी होती. आज त्या कापडाला त्या भागाच्या नावानेच ओळखतात: ‘तेनांगो’.

ही चित्रे कुठून आली याबद्दल तिथे बरेच सांगितले जाते. जवळच्या डोंगरकड्यावर जुनी रंगचित्रे आहेत, काहीजण त्यांच्याकडे बोट दाखवतात. शेजारच्या सान पाब्लितोत झाडाच्या सालीचा कागद कुटून करतात आणि बियाण्यांच्या देवतांच्या आकृत्या त्यातून कापतात, त्यांचेही नाव घेतले जाते. मला याचा फार काथ्याकूट करावासा वाटत नाही. ज्या बाईच्या घरात सणाला कागदाचे देव कापले जातात, जिच्या आजीच्या झंपरावर पक्षी आहेत, तिने हरीण काढले तर ते कुठल्या एका दगडावरून उतरलेले नसते.

काम दोघांत वाटलेले आहे. गावात थोडे जण हात चालणारे असतात, ते कापडावर थेट रेषेने चित्र आखून देतात, मापपट्टी न लावता. कोरा मांजरपाट एका बैठकीत जनावरांनी भरून जातो. मग ते कापड भरणाऱ्या बाईकडे जाते. ती ते घडी करून जवळ ठेवते आणि स्वयंपाक, पोरे, शेत यांच्यामधून जो वेळ निघेल त्यात भरत राहते. मोठा टेबलक्लॉथ पुरा व्हायला कित्येक महिने जातात. टाका माशाच्या काट्यासारखा, दोन्ही कडांवर आळीपाळीने घेतलेला, इतका दाट की खालचे कापड दिसत नाही. रंगांची निवड भरणारीची. कधी सगळे कापड एकाच लाल किंवा निळ्या दोऱ्यात, कधी कोंबड्याच्या एका शेपटीत सात रंग.

जून 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या कॅरोलिना हेरेरा या फॅशन घराने आपले नवे कपडे दाखवले. त्यांतल्या पांढऱ्या पोशाखावर तेनांगोचे पक्षी होते. मेक्सिकोच्या सांस्कृतिक मंत्री आलेहान्द्रा फ्राउस्तो यांनी पत्र लिहून विचारले की हे नमुने कोणत्या आधारावर वापरले आणि त्या समाजांना यातून काय मिळणार. घराच्या कलादिग्दर्शकाचे उत्तर होते की हा मेक्सिकोच्या संस्कृतीचा गौरव आहे. वाद वाढला, आणि असा वाद हा पहिलाच नव्हता. त्याआधी ओहाका राज्यातल्या एका गावच्या झंपराची नक्कल पॅरिसमध्ये विकली गेली होती. 17 जानेवारी 2022 रोजी मेक्सिकोने कायदा जाहीर केला. मूळ रहिवासी आणि आफ्रिकी वंशाच्या समाजांचा सांस्कृतिक वारसा ही त्यांची सामूहिक मालमत्ता आहे, आणि त्यांच्या संमतीवाचून तो वापरणे हा गुन्हा ठरू शकतो.

अशा वादात एक मुद्दा हमखास पुढे येतो. तेनांगो काही हजार वर्षांचे नाही, साठ वर्षांचे आहे, बाजारासाठीच जन्मले, मग त्यावर वंशपरंपरेचा हक्क कसला? मला हा मुद्दा अगदी उलटा वाटतो. पत्र्याचे कामही असेच जन्मले, परक्या कारखान्यातल्या मालापासून. देसिलादो रेल्वेच्या फलाटावर वाढले. हात जुना असतो, वस्तू नवी असते, आणि भूक दोघांची गाठ घालून देते. तेनांगो कधी सुरू झाले हे गावाला माहीत आहे. कोणत्या वर्षी मका आला नाही, कोणाच्या आजीने पहिले कापड विकायला नेले, याची आठवण घरांत आहे. हजार वर्षांपूर्वीच्या नमुन्याचा धनी शोधणे अवघड. साठ वर्षांपूर्वीचा धनी तर अजून सुईत दोरा ओवतो आहे.

यंत्रावर भरलेली नक्कल आता स्वस्तात मिळते आणि समोरून पाहिली तर चटकन ओळखू येत नाही. अशा वेळी कापड उलटे करावे. माशाच्या काट्याच्या या टाक्यात दोरा जवळजवळ सगळा पुढच्या बाजूला राहतो. दोरा विकत आणावा लागे, तो पाठीमागे वाया घालवणे या बायकांना परवडणारे नव्हते. म्हणून पुढे जिथे गच्च रंगलेले हरीण आहे, तिथे मागे फक्त त्याच्या कडेने चाललेले बारीक टिपांचे ठिपके दिसतात. कान, पाठ, वळलेली मान. आखणाऱ्याने पहिल्या दिवशी ओढलेली आणि पुढून टाक्यांखाली बुडून गेलेली रेषा, टाक्याटाक्याने मागे तशीच उमटलेली.